मुंगळ्यांची राणी पाळताना

प्रश्न : पावसाळ्याच्या सुरुवातीला अंगणात पंख गळालेली मुंगळ्याची राणी सापडली. बरणीत ठेवून तिला रोज साखर आणि पोळीचा चुरा देतो, पण तिने घातलेली अंडी नाहीशी होत आहेत. तिला काय खायला द्यावे?

उत्तर : सध्या काहीही देऊ नये. काळ्या मुंगळ्याची राणी पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर पडेपर्यंत अन्नावाचून राहते, कारण उड्डाणानंतर निरुपयोगी झालेल्या पंखांचे स्नायू आणि अंगातली चरबी यांवरच ती स्वतःचे आणि अळ्यांचे पोषण करते. रोज बरणी उघडल्याने बिथरलेली राणी स्वतःची अंडी खाते. बहुधा तुमच्याकडे हेच घडत असावे.

काचेच्या परीक्षानळीत तिसरा हिस्सा पाणी भरून त्यावर कापसाचा घट्ट बोळा बसवावा, पुढच्या कोरड्या भागात राणी सोडून तोंडही कापसाने बंद करावे आणि नळी अंधारात ठेवून आठवड्यातून फार तर एकदा पाहावी. ओल्या बोळ्याला चिकटलेला पांढरा अंड्यांचा पुंजका आणि पुढे फिकट तपकिरी कोष दिसू लागले, की सारे ठीक चालले आहे असे समजावे.

कामकरी मुंग्या आल्यावर साखरपाण्याचा थेंब आणि मारलेल्या झुरळाचा किंवा माशीचा लहान तुकडा द्यावा, कारण मोठ्या मुंग्यांना गोड द्रव पुरत असला तरी अळ्यांना प्रथिने लागतातच. कीटकनाशक फवारलेल्या घरातले झुरळ मात्र कटाक्षाने टाळावे. उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशी काढला नाही, तर आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी धरते. पोळीचा चुरा बंदच करावा.