तरंगता पूल की सॅटेलाइटची छत्री?

प्रश्न : मुलगा पीयूसी सेकंड इयरला (म्हणजे बारावीला), सायन्सला आहे. आमच्याकडचा वेदगंगेवरचा पूल दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो, म्हणून त्याला तरंगत्या पुलांवर रिसर्च करायचाय. मध्येच सॅटेलाइटच्या अँटेनाचंही खूळ निघतं. दोन डगरींवर पाय! ब्रँच कोणती घ्यावी? आणि पोटापाण्याचं काय?
– एक पालक, निपाणी तालुका

उत्तर : या दोन डगरी तुम्हाला वाटतात तेवढ्या लांब नाहीत.

आधी पुलाचं. वेदगंगेवर तरंगता पूल चालायचा नाही, हे त्याला आत्ताच कळू दे. पुरात पाणी काही मीटर चढतं, ओढ जबर असते आणि वाहून आलेली झाडं येऊन आदळतात. तिथं उंच पूलच हवा. तरंगता पूल बांधतात तो पाणी खोल आणि तळ मऊ असेल तिथं. सिअ‍ॅटलचा 2016 साली सुरू झालेला पूल सुमारे 2,350 मीटर लांब आहे. तो काँक्रीटच्या 77 पोकळ पाँटूनांवर (म्हणजे मोठ्या पेट्यांवर) तरंगतो आणि तळाशी नांगर टाकून धरून ठेवलेला आहे. अमेरिकेच्या त्याच वॉशिंग्टन राज्यातल्या हूड कॅनालवरच्या पुलाचा अर्धा भाग 1979 च्या वादळात बुडाला होता. वारा आणि लाटा मिळून पूल किती हलवतील याचं गणित, हाच तिथला रिसर्च.

अँटेनाचंही दुखणं तेच. बेंगळुरूजवळ ब्यालाळूला इस्रोची 32 मीटरची अँटेना आहे. एक्स बँडमध्ये (रेडिओ लहरींच्या एका पट्ट्यात) तिचा झोत एक दशांश अंशापेक्षाही अरुंद असतो. एवढं धूड वाऱ्यात डोललं किंवा उन्हानं जरा वाकलं, तरी नेम चुकतो.

कंपनं आणि कंट्रोल दोन्हीकडे लागतात, म्हणून माझं मत मेकॅनिकल. सर्किट आणि सिग्नलमध्येच जीव रमत असेल तर ई अँड सी (इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन). सिव्हिल घेतलं तर पुलाची वाट सरळ आहे, पण अँटेनाकडे वळणं अवघड. बीईनंतर गेट (एमटेकची प्रवेश परीक्षा) देऊन आयआयटी मद्रासचं ओशन इंजिनिअरिंग बघा. इस्रोसाठी बीईचे मार्क 65 टक्क्यांखाली घसरू नयेत.

पोटापाण्याचं म्हणाल तर नुसत्या तरंगत्या पुलांवर आपल्याकडे भागणार नाही. पण तेच नांगर टाकून धरून ठेवण्याचं गणित बंदरांत लागतं, तरंगत्या सोलरमध्येही लागतं. तेलंगणात रामगुंडमला जलाशयावर 100 मेगावॅटचा प्रकल्प चालू आहे.

चिरंजीवांना एक काम द्या. दूरदर्शनच्या फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-15 हा 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. निपाणीहून छत्री कुठं वळवायची ते कागदावर काढायला सांगा. उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं सुमारे 129 अंश आणि क्षितिजापासून वर 61 अंश यायला हवेत. मग गच्चीवर चढून ताडून बघू दे. यात रमला तर आवड खरी समजा.

केसीईटी या कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेबरोबर महाराष्ट्राच्या एमएचटी-सीईटीचाही फॉर्म भरा. सीमाभागातून दहावी-बारावी झालेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेशात 'टाइप ई' हा वेगळा गट आहे. त्याचे दाखले काढायला वेळ जातो, निकालाची वाट बघत बसू नका.