मोठ्या मागाची वाट पाहू नकोस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

चौकटीवर विणलेल्या तुकड्यांचे फोटो पाहिले. सोबत लिहिलं आहेस, ‘हे नुसते नमुने, मोठा माग घेतला की खरं काम सुरू करीन.’ ते मुळीच पटलं नाही, म्हणून लगेच लिहायला बसले.

विणकाम-कलाकार शीला हिक्सचं काम तू बघायला हवंस. ती अमेरिकेतल्या नेब्रास्काची, जन्म १९३४चा, १९६४पासून पॅरिसमध्ये. छतापासून जमिनीपर्यंत उतरणारी प्रचंड कामं तिनं केली. पण येल विद्यापीठात चित्रकला शिकताना कॅनव्हास ताणायच्या लाकडी पट्ट्यांना खिळे ठोकून तिनं एक छोटा माग बनवला, आणि तसल्या मागावर ती आयुष्यभर विणत आली. वहीच्या पानाएवढे तुकडे. त्यांत शिंपले, रबरबँड, बुटांच्या नाड्यासुद्धा! २००६ साली न्यूयॉर्कच्या बार्ड ग्रॅज्युएट सेंटरमध्ये प्रदर्शन भरलं ते याच लहान कामांचं.

अँडीज पर्वतातल्या जुन्या विणकरांकडून तिनं घेतलेली एक गोष्ट तूही घे. ताणा, म्हणजे उभे दोरे, न कापता खिळ्यांवरून सलग फिरव. विणून झालं की फास नुसते खिळ्यांवरून उतरवायचे. चारही बाजूंना काठ, कात्री कुठेच नाही. मात्र शेवटचं बोटभर विणकाम जीव काढतं. दोऱ्यांत फटच उरत नाही, आडवा दोरा नेणारा धोटा शिरत नाही. मग लांब सुई घेऊन एकेक दोरा उचलत जायचं. ते विणकर एका टोकाला थोडं विणून घ्यायचे, मग माग फिरवून दुसऱ्या टोकाकडून यायचे, म्हणजे हा अवघड पट्टा आतल्या बाजूला पडे. तिथली वीण वेगळी दिसते. ती लपवू नकोस. पट्टा कुठे येऊ द्यायचा हे आधीच ठरव आणि सगळी रचना त्याच्याभोवती कर.

तुझ्या तुकड्यांची कंबर बारीक होतेय, कारण बाणा, म्हणजे आडवा दोरा, सरळ ओढून बसवतेस. दोऱ्याला वर-खाली जायला जास्तीची लांबी लागते. आधी कमान करून सैल टाक, मग कंगव्यानं खाली बसव.

आणि उभे दोरे अगदी समांतरच हवेत, हा हट्ट सोड. मुंबईच्या विणकर मोनिका कोरिया यांनी विणता विणता मागाची फणीच, म्हणजे उभे दोरे सारख्या अंतरावर धरणारी पट्टी, काढून टाकली. आवळून धरणारं काही उरलं नाही, दोरे आपापल्या वाटेनं वळले, आणि कापडात जणू वारा शिरला. तुझ्या चौकटीला फणी मुळातच नाही! मधले चार दोरे सुईनं बाजूला ओढून बघ.

रंगांचे सांधे कसे घालायचे, ते येवल्याच्या पैठणीचा पदर उलटून शिक.

लोकरीचं विचारलं होतंस. दख्खनी मेंढीची घे, काळी-करडी असेल तशीच, न रंगवता. पण ताण्याला नको. ती आखूड आणि खरबरीत असते. घोंगडी विणणारे सनगर ताण्याला चिंचोक्याची खळ देतात ती उगीच नाही. ताणा चांगल्या पिळाचा सुतीच ठेव, बाण्याला लोकर.

मोठ्या मागासाठी साठवलेले पैसे सध्या सुतावर खर्च कर. पुढच्या वेळी मागच्या बाजूचेही फोटो पाठव, गाठी कुठे मारतेस ते मला बघायचंय.

तुझ्या
बाई