पोच घेतल्याशिवाय उठू नकोस

प्रिय मुली,

काल तू फोनवर विचारलेस की तुझा मुलगा वर्गात एका जागी बसत नाही म्हणून मुख्याध्यापिका म्हणतात, वर्ष संपले की दुसरी शाळा पाहा, आणि वर्गशिक्षिका म्हणतात, काळजी करू नका, आम्ही सांभाळून घेऊ. यांतले खरे कोणते मानायचे? दोन्ही मानू नकोस. दोन्ही तोंडी आहे, आणि शाळेतल्या तोंडी बोलण्यावर विसंबून मी काय गमावले ते तुला कळावे म्हणून हे पत्र लिहिते आहे.

1998 साली माझा मुलगा दुसरीत होता. एडीएचडी, म्हणजे मुलाला लक्ष टिकवणे आणि एका जागी शांत बसणे कठीण करणारी अवस्था, हा शब्द तेव्हा आमच्या घरापर्यंत पोहोचला नव्हता. तो ‘वांड’ होता, एवढेच सगळे म्हणत. त्याच्या वर्गाच्या बाई समंजस होत्या. त्यांनी त्याला आपल्या टेबलाजवळ बसवले, वह्या वाटण्याचे आणि फळा पुसण्याचे काम दिले, लिखाण दोन तुकड्यांत करून घेतले, आणि जूनपासून दिवाळीपर्यंत एकही तक्रार आली नाही. दिवाळीनंतर बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. बदली बाईंना यातले काहीच माहीत नव्हते, कारण ते कोठेही लिहिलेले नव्हते. फेब्रुवारीत मला कार्यालयात बोलावून अतिशय गोड शब्दांत सांगण्यात आले की मुलाचे हित दुसऱ्या शाळेत आहे, आणि एक कोरा कागद पुढे ठेवण्यात आला. मी लिहिले, ‘घरगुती कारणास्तव माझ्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला मिळावा.’ त्या आठ महिन्यांत माझ्या मुलाच्या अडचणीविषयी शाळेत तयार झालेला तेवढा एकच कागद, आणि तो माझ्या हस्ताक्षरातला. त्यातही खरे कारण नाही.

मी घाबरट होते, असे माझी धाकटी बहीण आजही म्हणते. ते मला मान्य नाही. तेव्हा शिक्षणहक्काचा कायदा नव्हता, नोकरीतून अर्ध्या दिवसाची रजा मिळवताना नाकी नऊ येत, आणि मी भांडले तर त्याचा राग मुलावर निघेल ही भीती खोटी नव्हती. कोणतीही आई तेच करती. तरीही कागद आणि पेन तर त्या वेळीही होतेच, हे मनातून जात नाही.

तुझ्या हातात आज कायदा आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 16 नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी आहे. मात्र 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अल्पसंख्याक दर्जाच्या शाळा या कायद्यातून वगळल्या आहेत, तेव्हा तुमची शाळा कोणत्या प्रकारची आहे ते आधी पाहा. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी देण्याची गोष्ट आहे. पण त्याच्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांच्या यादीत एडीएचडी स्वतंत्रपणे नाही, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडीच्या अनेक मुलांना वाचन-लेखनाची ही अडचणही असते, म्हणून तिची तपासणी आठव्या वर्षाच्या सुमारास अवश्य करून घे. कोणी तुला ती यादी दाखवून ‘तुमचा मुलगा यात बसत नाही’ म्हटले, तर तेही लेखी माग.

शिक्का बसेल म्हणून डॉक्टरांचा अहवाल शाळेला द्यायचा नाही, असे तुझ्या सासूबाईंचे म्हणणे आहे. त्यांचा जीव तुटतो, हे मी समजू शकते. पण शिक्का कधीच बसला आहे! डायरीतली ‘जागेवर बसत नाही’, ‘वर्गात त्रास देतो’ ही लाल शाईतली वाक्ये म्हणजे काय आहे? त्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेव. निदानासाठी लक्षणे किमान सहा महिने आणि घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात, त्यामुळे डॉक्टर शिक्षिकेसाठी जी प्रश्नावली देतील ती बाईंकडून भरून घेण्यात एक दिवसही घालवू नकोस. तू तीन आठवडे ती पर्समध्ये घेऊन फिरलीस, याचा मला राग आला आहे, आणि तो मी लपवत नाही.

शाळेला द्यायचे पत्र छोटे लिही. त्यात एवढेच माग. पुढच्या बाकावर, खिडकी-दारापासून दूर जागा. एका वेळी एकच सूचना. मोठ्या कामाचे छोटे भाग. मधेमधे उठण्याचे निमित्त. गृहपाठ डायरीत उतरला की नाही यावर बाईंची नजर. आणि शिक्षा म्हणून खेळाचा तास कापू नये. हा शेवटचा मुद्दा वगळू नकोस, कारण ज्या मुलाला हालचालीची सर्वांत अधिक गरज असते त्याचाच तास पहिल्यांदा कापला जातो. शॅडो टीचर, म्हणजे वर्गात एकाच मुलाजवळ बसून त्याला मदत करणारी शिक्षिका, तुमच्या खर्चाने आणा, असे सुचवले गेले तर तिथल्या तिथे हो म्हणू नकोस. प्रस्ताव लेखी द्या म्हणावे. पत्राचा सूर मात्र तक्रारीचा नको. चाळीस मुले सांभाळणाऱ्या त्या बाईंवर तू उपकारच करते आहेस: उद्या त्या रजेवर गेल्या तर त्यांनी तुझ्या मुलासाठी बसवलेली घडी पुढच्या बाईंच्या हाती पडेल. माझ्या मुलाच्या बाईंची तशी घडी कोणाच्याच हाती पडली नाही.

गुरुवारी शाळेत भेटायला जाशील तेव्हा पत्राच्या दोन प्रती ने. एक आवक विभागात दे, दुसरीवर तारखेसह शिक्का आणि सही घे. कारकुनाने नकार दिला तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठव. भेटीत जे ठरेल ते रात्री मूल झोपल्यावर ‘आज आपले असे बोलणे झाले’ अशा चार ओळींत मुख्याध्यापिकांना ईमेल कर. आणि कोणी कोरा कागद पुढे केला, तर कितीही गोड बोलले तरी पेन हातात घेऊ नकोस. घरी विचारून सांगते म्हण आणि ऊठ. मी दुपारभर घरीच आहे.

तुझी,
मावशी