‘जागा गेली’ म्हणजे खरंच गेली का, हे शोधण्याची नोकरी

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी रटगर्स विद्यापीठात समाजशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घर विकताना किंवा भाड्याने देताना कुणी भेदभाव केला, तर त्या तक्रारीची सरकारतर्फे चौकशी करणारी अधिकारी व्हायचं, असं तिने ठरवलंय. आई-वडील दोघंही आयटीत. आई विचारतात, ‘ही नोकरी म्हणजे भाडेकरू आणि मालकांची भांडणं सोडवायची का? आमचं ग्रीन कार्ड दोनच वर्षांपूर्वी आलं, त्यावर ही नोकरी मिळते का? पुढे काही बढती वगैरे? चार लोकांत सांगायचं काय? किमान लॉ तरी कर, असं तिला समजावा.’

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी थांबून पुन्हा वाचलं. घर घेताना तुमच्या एजंटने ‘तुम्हाला आपल्या लोकांतच बरं वाटेल’ असं म्हणून ओक ट्री रोडच्या, म्हणजे भारतीय दुकानांच्या त्या रस्त्याच्या, आसपासचीच घरं दाखवली आणि तुम्हाला ती आपुलकी वाटली. लेक मात्र अजून त्यावरून तुमच्याशी वाद घालते. ताई, लेकीचं बरोबर आहे. गिऱ्हाइकाचा वंश किंवा मूळ देश बघून त्याला ठराविक वस्तीकडे वळवायचं, बाकीची घरं दाखवायचीच नाहीत, याला तिथे ‘स्टिअरिंग’ म्हणतात आणि ते बेकायदा आहे. २०१९ मध्ये लाँग आयलंडच्या ‘न्यूजडे’ या दैनिकाने तीन वर्षांच्या तपासात केलेल्या गुप्त चाचण्यांचे निष्कर्ष छापले. सारखीच ऐपत सांगणारी दोन गिऱ्हाइकं एकाच एजंटकडे पाठवायची, त्यातलं एक गोरं. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना ४९ टक्के चाचण्यांत वेगळी वागणूक मिळाल्याचं दिसलं, आशियाईंना १९ टक्के. या १९ टक्क्यांत तुमच्या-माझ्यासारखी माणसं येतात, आणि त्यातल्या कितीकांना ती आपुलकीच वाटली असेल.

माझी एक गोष्ट सांगते. मी शिकायला पुण्यात आले तेव्हा पेपरातल्या जाहिराती बघून खोलीसाठी फोन करायचे. पलीकडून पहिला प्रश्न ‘आडनाव काय?’ हा असायचा. सांगितलं की क्षणभर शांतता आणि मग, ‘अहो, ती जागा गेली, कालच.’ त्यातल्या एका जागेची जाहिरात पुढच्या रविवारी पुन्हा छापून आली. ते कात्रण मी बरेच दिवस वहीत ठेवलं होतं. जागा खरंच गेली होती का, हे मला आजतागायत कळलेलं नाही, कारण ते शोधणं हे कुणाचंच काम नव्हतं. तुमच्या लेकीला जी नोकरी हवी आहे, तिच्यात हेच काम करायचं असतं.

यामागचा कायदा ‘फेअर हाउसिंग ॲक्ट’. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ ला झाली आणि आठवड्यात, ११ एप्रिलला, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यावर सही केली. वंश, वर्ण, धर्म आणि मूळ देश यांवरून घर नाकारायचं नाही, असं तो सांगत होता. १९७४ मध्ये त्यात लिंग आलं, १९८८ मध्ये अपंगत्व आणि घरात लहान मुलं असणं. हा कायदा अमलात आणायचं काम ‘हड’, म्हणजे गृहनिर्माण आणि नगरविकास खात्याचं. घडल्यापासून एक वर्षाच्या आत तिथे तक्रार करता येते. ती दाखल झाली की दहा दिवसांत समोरच्याला नोटीस जाते आणि शक्यतो शंभर दिवसांत चौकशी पुरी करायची असते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत समेटाचा दरवाजा उघडा ठेवावा लागतो.

आता प्रत्यक्ष काम कसं असतं ते बघा. समजा, एका बाईंना मंगळवारी सकाळी सांगितलं, ‘टू बेडरूम शिल्लक नाही.’ तपास अधिकारी मॅनेजरच्या ऑफिसात जाऊन बसते. जागा बघायला आलेल्यांची नोंदवही, अर्जांवर पडलेल्या तारखा, वेटिंग लिस्ट, भाडेकरूंची यादी आणि करार, सगळं मागून घेते. त्या मंगळवारनंतर शुक्रवारी तीच जागा कुणाला दाखवलेली निघाली, तर धागा हाती लागतो. मॅनेजर म्हणतो, ‘बाईंचं उत्पन्न आमच्या नियमात बसत नव्हतं.’ ठीक आहे. मग गेल्या वर्षभरात त्याहून कमी उत्पन्नाच्या कुणाला जागा दिली का? दिली असेल तर का? नियम लेखी होता की त्या दिवशी सुचला? बाईंशी फोनवर कोण बोललं? ती रिसेप्शनिस्ट नोकरी सोडून गेली असेल तर तिला शोधायचं. प्रत्येकाचा जबाब वेगवेगळा घ्यायचा आणि एकमेकांशेजारी ठेवून ताडून बघायचा. भेदभाव करणारा माणूस आजकाल तोंडावर काही बोलत नाही, हसून दार लावून घेतो. त्यामुळे पुरावा सापडतो तो तारखांमधल्या फटीत.

आणि सगळीच प्रकरणं वंश-धर्माची नसतात. तिथल्या तक्रारींपैकी निम्म्याहून जास्त अपंगत्वाशी निगडित असतात. कुबड्या घेऊन चालणाऱ्या भाडेकरूला दाराजवळची पार्किंगची जागा हवी असते आणि मॅनेजर ‘सगळ्यांना एकच नियम’ म्हणून बसतो. अशी वाजवी सवलत देणं त्याला कायद्याने भाग आहे. चार किंवा जास्त घरांच्या नव्या इमारतींना तर बांधकामाचेच नियम आहेत. दारातून जायची मोकळी जागा ३२ इंच हवी, विजेचं बटण जमिनीपासून ४८ इंचांहून वर नको. म्हणजे कधीकधी तुमची लेक हातात मेजरिंग टेप घेऊन कुणाच्या तरी बाथरूमच्या दारात गुडघे टेकून बसलेली असेल. व्हीलचेअरवरचा माणूस स्वतःच्या घरात आंघोळीला जाऊ शकतो की नाही, हे त्या टेपवर ठरतं.

आता जे तिला जड जाईल ते सांगते, आणि हे तिला आवर्जून वाचायला द्या. ही नोकरी तक्रारदाराच्या बाजूने लढायची नाही. घरमालकाचं म्हणणंही तितक्याच शांतपणे ऐकून घ्यावं लागतं, आणि बऱ्याचदा त्याचंच खरं निघतं. पुष्कळ प्रकरणं समेटात मिटतात, पुष्कळांत सबळ कारण आढळत नाही. ज्या बाई तिच्यासमोर बसून रडल्या, त्यांनाच ‘पुरावा पुरेसा नाही’ असं पत्र पाठवायची वेळ येईल, आणि मनातून तिचा त्यांच्यावर विश्वास असेल. कारण आढळलं तर ‘हड’ आरोपपत्र काढतं. मग दोन्हींपैकी कुठलीही बाजू वीस दिवसांत फेडरल कोर्टात जायचं ठरवू शकते, नाहीतर प्रकरण प्रशासकीय न्यायाधीशापुढे चालतं. तिथे वकील बोलतात. तपास अधिकाऱ्याची फाइल तेवढी बोलते. अन्यायाची चीड असणं चांगलंच, पण ती चीड महिनोन्‌महिने खिशात ठेवून नोंदी करता येणं हा या कामाचा खरा कस आहे. ज्यांना बाजू घेऊनच लढायचं असतं त्यांनी वकील व्हावं किंवा संस्थेत जावं. तीही तितकीच मोलाची कामं आहेत.

एक अवघड गोष्ट आपल्या घरातली. तिकडच्या आपल्या लोकांच्या ग्रुपवर ‘फक्त भारतीय कुटुंबाला, शाकाहारी, लहान मुलं नकोत’ अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. ‘फक्त भारतीय’ म्हणणं मूळ देशावरून भेदभाव, ‘मुलं नकोत’ म्हणणं कुटुंबस्थितीवरून. मालक स्वतः राहत असलेल्या चार घरांपर्यंतच्या लहान इमारतीला फेडरल कायद्यात काही सूट आहे, पण अशी जाहिरात करायची मुभा त्यालाही नाही. शाकाहाराचा उल्लेख कायद्याच्या यादीत नाही. मात्र त्याच्या आडून धर्म किंवा देश गाळला जात असेल तर अधिकाऱ्याला तेही तपासावं लागेल. उद्या तुमच्या लेकीच्या टेबलावर आपल्याच एखाद्या काकांची फाइल येऊ शकते. त्या दिवशी तिने नीट चौकशी केली म्हणून तिच्यावर रागावणार नाही, एवढं तुम्ही आजच मनाशी ठरवा.

नोकरीकडे वळते. फेडरल सरकारात या पदाला ‘इक्वल ऑपॉर्च्युनिटी स्पेशालिस्ट’ म्हणतात, मालिका क्रमांक ०३६०. त्याला साधारणपणे अमेरिकन नागरिकत्व लागतं, आणि ग्रीन कार्डनंतर त्यासाठी अर्ज करायला सहसा पाच वर्षं जावी लागतात. तुमची दोनच झाली आहेत. शिवाय २० जानेवारी २०२५ ला फेडरल भरती गोठवली गेली आणि त्या वर्षी नोकरकपातही झाली, तेव्हा फक्त त्या एका दारावर तिने भरवसा ठेवू नये. जीपीए, म्हणजे कॉलेजातल्या गुणांची सरासरी, मात्र ३.० च्या खाली जाऊ देऊ नका. पदवीनंतर थेट जीएस-७ या फेडरल वेतनश्रेणीत शिरायला तो उपयोगी पडतो. पुढे ९, ११, १२ अशी शिडी असते.

तिच्यासाठी जवळचं दार राज्याचं. न्यू जर्सीचा भेदभावविरोधी कायदा १९४५ चा, म्हणजे फेडरल कायद्याच्या २३ वर्षं आधीचा, आणि काही बाबतींत तो पुढे गेलेला आहे. भाडं सरकारी मदतीतून येणार म्हणून भाडेकरू नाकारणंही तिथे चालत नाही. हा कायदा ॲटर्नी जनरलच्या खात्यातला नागरी हक्क विभाग राबवतो आणि त्याचे स्वतःचे तपासनीस असतात. तिथे तक्रारीची मुदत १८० दिवसांची, फेडरलपेक्षा कमी. २०११ च्या कायद्यामुळे तिथल्या राज्य कर्मचाऱ्याला न्यू जर्सीतच राहावं लागतं, ते तुम्हाला सोयीचंच आहे. नागरिकत्वाची अट त्या त्या जाहिरातीत बघून घ्या. न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, कॅलिफोर्निया यांचीही अशीच कार्यालयं आहेत.

त्याआधी या उन्हाळ्यात तिने एखाद्या फेअर हाउसिंग संस्थेत टेस्टर म्हणून नाव नोंदवावं. गिऱ्हाईक बनून जायचं, जागा बघायची आणि बाहेर आल्याबरोबर काय बोलणं झालं ते टिपून द्यायचं. अशा टेस्टरला खोटी माहिती मिळाली तर तो स्वतः दावा लावू शकतो, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच सांगितलं आहे. कॉलेजात संख्याशास्त्राचा एक पेपर आणि जमलं तर स्पॅनिश घ्यावं. मराठी, हिंदी, थोडी गुजराती तिला येते असं तुम्ही लिहिलंय. एडिसनसारख्या गावात इंग्रजीत नीट सांगता न येणाऱ्या आजोबांचा जबाब घेताना ती काय कामाची आहे, हे मी वेगळं सांगायला नको.

पगार आयटीचा नसेल, सरकारीच असेल. बढती पर्यवेक्षक, संचालक अशी होते. बाहेर बँकांच्या कर्जवाटपाची तपासणी, गृहनिर्माण प्राधिकरणं, विद्यापीठं इथे हा अनुभव चालतो. लॉची सक्ती करू नका. या पदाला वकिलीची पदवी लागत नाही. दोन-तीन वर्षं फायली हाताळल्यावर तिला स्वतःलाच कोर्टात उभं राहावंसं वाटलं, तर तेव्हा ती नीट समजून-उमजून लॉला जाईल.

चार लोकांत काय सांगायचं, असं तुम्ही विचारलंत. तुमच्या गावापासून तासाभराच्या गाडीच्या अंतरावर असलेल्या कोलंबिया विद्यापीठात शिकून बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीला आले. राहायला जागा मिळेना म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. काही दिवसांत लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना तिथून बाहेर काढलं. ओळखीच्या दोघांनीही घरात घेतलं नाही. मुंबईची रात्रीची गाडी सुटेपर्यंत ते कमाटी बागेत बसून राहिले. त्यांना तक्रार घेऊन जायला एकही कार्यालय नव्हतं. आपल्याकडे आजही खासगी घरमालकासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचं सभासदत्व एकाच समाजापुरतं ठेवण्याला मान्यता दिली होती. तुमची मुलगी जिथे ते कार्यालय आहे तिथे त्या टेबलामागे बसू बघतेय. मला तर हे चार काय, चारशे लोकांत सांगावंसं वाटेल.

तिला हे काम झेपेल का, हे बघायचा एक उपाय आहे. तुमच्या एजंटने घरं दाखवली तो दिवस तुम्ही दोघींनी आठवून वेगवेगळ्या कागदावर लिहा. कोण काय म्हणालं, कुठल्या क्रमाने, कुठली घरं दाखवली, कुठली विचारूनही दाखवली नाहीत, एवढंच. ‘प्रेमळ’ नको आणि ‘लबाड’ही नको. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि जिथे ते जुळत नाहीत तिथे ती काय करते ते बघा: तुमच्याशी भांडते, की ‘आई, त्या वेळचे एजंटचे ईमेल अजून आहेत का?’ असं विचारते. काय झालं ते मला जरूर कळवा.