जुनी गाडी शर्यतीत? परवडेल, पण…

जुनी गाडी शर्यतीत उतरवणं परवडणार नाही, असं तुझा सायकलवाला मित्र म्हणतो? अरे, आधी त्याला त्याच्या कार्बन सायकलचा आकडा विचार. तेवढ्या पैशात चालू स्थितीतली जुनी मारुती ८०० येते! गाडीची किंमत हा खर्चाचा लहान भाग. आपण पुण्यात. शर्यत म्हणजे बहुधा कोइमतूरचा ट्रॅक, नाहीतर चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा. गाडी ट्रकवर चढवून न्यायची, मेकॅनिकची राहायची सोय बघायची, टायर झिजवून परत यायचं. खिसा तिथे फाटतो.

प्रीमियर पद्मिनीच्या मोहात लगेच पडू नकोस. १०८९ सीसीचं इंजिन साधं, पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर घरी खोलता येतो. पण पत्रा बघ. खिशात चुंबक ठेव; पत्र्याला चिकटतं, भरलेल्या लांबीला (पुट्टीला) नाही. मी ठेवलं नव्हतं, तर निम्मा दरवाजा लांबीचाच निघाला.

सुटे भाग नाना पेठेत, नशीब असेल तर जुन्या बाजारात. हेल्मेट, सीटचे पट्टे, रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा आतला पिंजरा) मात्र नवंच घे. तिथे घासाघीस नको.

खरं तर पहिलं वर्ष गाडी घेऊच नकोस. शर्यतीत उतरणाऱ्या कुणाबरोबर तरी नट-बोल्ट आवळायला जा. आणि घरी खरा आकडा आधीच सांग. आमच्याकडे तो ट्रकच्या पावतीवरून कळला.