टोकन द्यायच्या आधी : ग्रॅच्युइटीच्या पैशातून मोटरहोम घ्यावी का?

प्रश्न : केळापूर तालुक्यातून जिल्हा परिषदेचे एक निवृत्त शिक्षक लिहितात. वय ५९, येत्या फेब्रुवारीत ६० पूर्ण होतील. पत्नी ५७ वर्षांच्या, त्यांना बीपी आणि शुगर. जुनी पेन्शन सुरू आहे. ग्रॅच्युइटी, जीपीएफ आणि पेन्शन विक्रीचे मिळून ३६ लाख बँकेत आहेत. चार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. मुलीचं लग्न दोन वर्षांत करायचं आहे. नागपूरला सात वर्षं जुनी टेम्पो ट्रॅव्हलर ११ लाखांत मिळते, आत बेड, ओटा, टॉयलेट बसवायला आणखी ६ लाख. डिसेंबरात निघून पाच महिने फिरायचं : कन्याकुमारी, गुजरात, काशी, शेवटी नेपाळात पशुपतिनाथ. तयार मोटरहोमचं, म्हणजे कॅरॅव्हॅनचं, भाडं दिवसाला ८,५०० सांगतात, १५० दिवसांचे पावणेतेरा लाख होतात. मग स्वतःची काय वाईट? ‘एजंट म्हणतो, थर्ड पार्टी आहेच, वरून ट्रॅव्हल इन्शुरन्स काढला की सगळं कव्हर. गाडी पाहून ठेवली, टोकन द्याचं बाकी हाय.’

उत्तर :

गुरुजी, टोकन देऊ नका. प्रवासाला जरूर जा, याच हिवाळ्यात जा, पण ही गाडी घेऊन नको.

आधी भाड्याचं गणित पाहू. गुणाकार बरोबर आहे, शंका आहे ती १५० या आकड्याची. पाच महिने टपाखाली झोपणं, रोज पाणी भरायची जागा शोधणं, टॉयलेटची टाकी स्वतः रिकामी करणं तुम्हा दोघांना मानवेल की नाही, हे अजून तुम्हालाही ठाऊक नाही. काकूंना काय वाटतं, याचा तर पत्रात उल्लेखच नाही. २१ दिवसांसाठी भाड्यानं घेतलीत तर १,७८,५०० रुपये जातील. नाही जमलं, तर तेवढ्यावर सुटलात. जमलं, तर पुढच्या वर्षी गाडी घेताना आत काय हवं आणि काय नको, हे गॅरेजवाल्यानं सांगायची गरज उरणार नाही.

१७ लाख गाडीत गेले नाहीत तर काय होईल, तेही बघा. फेब्रुवारीत ६० झालात की पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना तुम्हाला खुली होते. कमाल मर्यादा ३० लाख, सध्याचा दर ८.२ टक्के. १७ लाखांवर दर तिमाहीला ३४,८५० रुपये खात्यात येतील, म्हणजे वर्षाला १,३९,४००. दरवर्षी एका लांब सहलीचा बराचसा खर्च मुद्दलाला हात न लावता निघतो. गाडी मात्र प्रवास संपल्यावर अंगणात उभी राहील आणि विमा, टायर, बॅटरी मागत राहील. विकायला काढलीत तर आतल्या ६ लाखांच्या कामाचे पैसे कोणी मोजत नाही, कारण ट्रॅव्हलर शोधणाऱ्याला वऱ्हाड न्यायचं असतं, त्याला सीटा हव्यात. शिवाय ३६ मधून १७ गेले की उरलेल्या १९ मधूनच लग्न करायचं आणि दवाखानाही.

आता कागद. खरी भीती मला इथे वाटते. सात वर्षं जुनी ट्रॅव्हलर बहुधा पिवळ्या नंबर प्लेटची, म्हणजे भाड्याच्या धंद्यातली असणार. तिचं परमिट सोडवून, आरटीओत खासगी कॅम्पर व्हॅन म्हणून नोंद व्हायला हवी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते कडक शब्दांत सांगितलं आहे. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानकच आहे. सहा लाख सांगणाऱ्या गॅरेजवाल्याला एवढंच विचारा : आरसीवर बदलाची नोंद करून देण्याची जबाबदारी कोणाची? ‘होऊन जाते ना गुरुजी’ असं उत्तर आलं, तर तिथून उठा.

नोंद नसलेल्या बदलाची गाडी जळाली किंवा उलटली तर विमा कंपनी क्लेम नाकारायला मोकळी. आणि तुमचा एजंट ज्या थर्ड पार्टीच्या भरवशावर बसलाय, ती समोरच्याचं नुकसान भरते. तुमच्या गाडीला एक रुपयाही देत नाही. पूर्ण विमा घेतला तरी गाडी गेल्यावर हातात आयडीव्हीच, म्हणजे पॉलिसीत लिहिलेली गाडीची किंमतच पडते. पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही कंपनी आणि तुम्ही बोलून ठरवता. समजा ती ८ लाख ठरली. बेड, फ्रीज, इन्व्हर्टर, सोलर पॅनल पॉलिसीत वेगळे लिहून हप्ता भरला नसेल, तर १७ लाख खर्चून ८ लाखांवर समाधान मानायचं. जुन्या मालकाची पॉलिसी चालू आहे म्हणूनही निवांत राहू नका. खरेदीनंतर १४ दिवसांत ती तुमच्या नावावर करायचा अर्ज द्यावा लागतो, आणि त्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, त्याच्याकडेच राहतो, गाडीबरोबर येत नाही.

तुमचं लायसन्स काढून तारीख बघा, आत्ताच. ५० ते ५५ या वयात नूतनीकरण झालं असेल तर ते साठाव्या वाढदिवसापर्यंतच चालतं. म्हणजे फेब्रुवारीत, ऐन प्रवासात, कुठेतरी तामिळनाडूत ते संपेल. त्या दिवसानंतर अपघात झाला तर स्वतःच्या गाडीचा क्लेम विसरा. मुदतीच्या आधीच नूतनीकरण करता येतं, डॉक्टरांचा १ए दाखला लागतो. लायसन्सच्या प्रकाराची काळजी मात्र नको. साडेसात टनांपर्यंतची गाडी साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय.

भाड्याची गाडीही डोळे झाकून घेऊ नका. भाड्यानं देणाऱ्याची गाडी परमिटवाली हवी. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी कोणी गुपचूप देत असेल तर तिचा विमा ऐनवेळी कामाचा नाही. नुकसान झालं तर आपल्या खिशातून किती, दिवसाला किलोमीटरची मर्यादा किती, परराज्याचा टॅक्स कोणाकडे, हे कागदावर घ्या. बऱ्याच ठिकाणी चालकासह देतात. तसं असेल तर उत्तमच, काकूंना तुमच्याशी बोलायला माणूस मिळेल.

ट्रॅव्हल इन्शुरन्सबद्दल एजंट अर्धंच बोलला. या पॉलिसीत सामान हरवणं, विमान चुकणं, उशीर, सहल रद्द होणं, अपघात, तातडीचं हॉस्पिटल अशी कलमं असतात. यातली निम्मी विमान-रेल्वेवाल्यांच्या कामाची. स्वतःच्या किंवा भाड्याच्या गाडीनं देशात फिरणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही. आधीपासून असलेल्या आजारावर बहुतेक पॉलिसी हात वर करतात, आणि काकूंची शुगर नेमकी त्यातच बसते. दिवसांची मर्यादा असते ती वेगळीच. देशातल्या प्रवासात तुमचं खरं कवच आरोग्य विमा आहे, तिथे पैसे घाला.

तुम्ही लिहिलंय, ३ लाखांचा फॅमिली फ्लोटर, म्हणजे घरातल्या सगळ्यांचा मिळून एकच आरोग्य विमा आहे, चार वर्षं जुना. तो बंद पडू देऊ नका. पूर्वीच्या आजारावर क्लेम मिळू लागेपर्यंतची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त तीन वर्षांची असते, काकूंची बहुधा संपली असेल. पण पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा शोधा. ती विमा रकमेच्या एक टक्का असेल तर दिवसाला ३,००० झाले. कोचीत किंवा बंगळुरूत ६,००० ची खोली घेतलीत, तर कंपनी फक्त खोलीचा फरक कापत नाही. डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, नर्सिंगचे बिलही त्याच प्रमाणात निम्मं होतं. १,२०,००० च्या अशा बिलातले ६०,००० तुमच्या गळ्यात. औषधं आणि इम्प्लांट या कपातीतून सुटतात, एवढाच दिलासा. म्हणून ३ लाखांच्या वर सुरू होणारा १५ लाखांचा सुपर टॉप-अप घ्या, खोलीभाड्याची मर्यादा नसलेला. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, हप्ता तेवढा हलका. नव्या पॉलिसीत अपघात सोडून पहिले ३० दिवस क्लेम मिळत नाही, आणि जुन्या आजारांची प्रतीक्षा नव्यानं मोजतात. बीपी-शुगर फॉर्मवर लिहाच. एजंट ‘नका लिहू’ म्हणाला तर एजंट बदला.

फुले जनआरोग्य योजना मुख्यतः आपल्या राज्यातल्या रुग्णालयांसाठी, ती धरून कन्याकुमारीला निघू नका. राष्ट्रीय महामार्गावरचा मदतीचा नंबर १०३३ तेवढा फोनमध्ये ठेवा.

नेपाळचं मात्र वेगळं. भारतातला आरोग्य विमा सहसा सीमेपलीकडे चालत नाही, तिथे ट्रॅव्हल इन्शुरन्स हवाच, आणि तो जुन्या आजाराच्या जीवघेण्या प्रसंगालाही पैसे देणारा बघून घ्यायचा. गाडीच्या पॉलिसीलाही नेपाळची हद्द थोड्या जादा हप्त्यात जोडून घ्यावी लागते. या वर्षी नेपाळ सोडा, हे माझं मत.

डिसेंबरही सोडा. कापसाची वेचणी आणि तुरीची काढणी अंगावर असताना घर बंद करणं म्हणजे ४ एकरांचं उत्पन्न दुसऱ्याच्या हाती देणं. संक्रांत करून निघा, मार्च लागायच्या आत परत या. एप्रिलमध्ये आपल्या भागात टपाखाली कोण झोपतंय? नोव्हेंबरातला हयातीचा दाखला तेवढा विसरू नका. ४४ नंबरचा हायवे तुमच्या पांढरकवड्यावरूनच जातो, कन्याकुमारीचा टप्पा २१ दिवसांत आरामात बसतो. ओंकारेश्वर, त्र्यंबकेश्वर आणि पंढरपूरला शेगाव संस्थानाच्या शाखा आहेत, मुक्काम तिथे करता येतो. तिथवर स्वतःच्या किंवा ठरवलेल्या साध्या गाडीनं गेलात तर मोटरहोमची गरजच नाही, हेही काकूंपुढे मांडून बघा.

फ्लोटरच्या पॉलिसीचं खोलीभाडं आणि प्रतीक्षा कालावधी लिहिलेलं पान, आणि लायसन्सची दोन्ही बाजूंची झेरॉक्स पाठवा. सुपर टॉप-अप डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हातात हवा, तर संक्रांतीला तीस दिवस उलटलेले असतील.