स्पर्धा कायद्यात यायचंय? आधी खातेवही वाचायला शीक

लातूरहून सनद घेऊन आलीस आणि पहिल्याच भेटीत म्हणालीस, मला स्पर्धा कायद्यातच, म्हणजे बाजारातलं संगनमत रोखणाऱ्या कायद्यातच, काम करायचंय. ऐकून फार बरं वाटलं. पण स्पर्धा आयोग दिल्लीत, त्यावरचं अपीलही तिकडेच. मराठवाड्यात राहून हात बसतो तो व्यापारी दाव्यांवर.

व्यापारी न्यायालय कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर ३ लाखांपासूनचे व्यापारी वाद व्यापारी न्यायालयात जातात. म्हणजे जालन्याचा सळईवाला आला, वाळूजचा सुटे भाग करणारा आला. त्यांची बिलं, चलनं, खातेउतारे स्वतः तपास, कारकुनावर सोडू नकोस. तातडीचा हुकूम नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. आणि समन्स बजावल्यापासून १२० दिवस उलटले की प्रतिवादीचा लेखी कैफियतीचा, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर देण्याचा, हक्कच जातो. माझ्या एका अशिलाचा तसा गेला, कागद उशिरा आले म्हणून. तो माणूस हातात फाईल धरून माझ्यासमोर उभा होता, ते अजून आठवतं. तारखा डायरीत पहिल्याच दिवशी लिही.

आता तुझा आवडता विषय. मोंढ्यात सगळ्या खरेदीदारांनी सोयाबीनला एकच भाव लावला, तर शेतकरी म्हणतो, संगनमत आहे. असेलही. पण नुसत्या सारख्या भावावरून स्पर्धा कायद्याच्या कलम ३ चा, म्हणजे स्पर्धा मारणाऱ्या कराराचा, भंग सिद्ध होत नाही. बैठक, फोन, मेसेज, काहीतरी जोड लागते. ती शोधायची नजर खातेवह्यांतूनच येते.

शनिवारी ऑफिसला ये, एक जुनी फाईल काढून ठेवते.